तिवरदऱ्याची सतरा माणसं

"वृषा, माझी माणसं वाढत नाहीयेत."

आई पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्याखाली उशी, मांडीवर पोळपाट उलटा घातलेला आणि त्यावर माझा जुना लॅपटॉप. सकाळचे नऊ वाजले होते. मी चहा गाळत होते आणि रडायचीच काय ती बाकी होते, कारण हेच वाक्य त्या आठवड्यात मी सत्तावीस वेळा वाचलं होतं.

"कुठल्या ग्रहावरची?" मी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"तिवरदऱ्याची. बाकीच्यांचं बरं चाललंय. केळेवाडी चारशेवर गेली. बोरपाडा दोनशे दहा. तिवरदरा मात्र ढिम्म हलत नाही."

"दुसरं जहाज पाठव तिकडे."

"ते तू कालही सांगितलंस."

"मग पाठवलंस का?"

"नाही," आई म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. चष्मा पुसायला लागली की ती ऐकणार नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि फैयाज मुल्ला, आम्ही दोघांनी मिळून अंतराळातल्या वसाहतींचा एक खेळ बनवला होता. खेळाची आखणी मी करायची, प्रोग्रॅम तो लिहायचा, आणि आमच्या कंपनीचं ऑफिस म्हणजे नाशिकच्या माझ्या फ्लॅटचा हॉल. खेळ साधा होता. एका ग्रहापासून सुरुवात करायची, एकेका जहाजातून वीस-वीस माणसं दुसऱ्या ग्रहांवर पाठवायची, तिथे धान्य, पाणी, घरं यांची सोय लावायची. "वर्ष पुढे" असं एक बटण होतं. ते दाबलं की वर्ष सरायचं आणि प्रत्येक ग्रहाची लोकसंख्या समोर यायची. सात ग्रहांवर प्रत्येकी हजार माणसं झाली की जिंकलात. यावर आमची तीन वर्षं गेली होती. बंगळुरूची एक कंपनी तो खेळ बाजारात आणायला तयार होती, पण त्याआधी साठ टेस्टरांना तो खेळायला द्यायचा आणि त्यांचं मत बरं आलं तरच पुढचं बोलायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी महिना होता. त्यातले पंधरा दिवस संपले होते.

आणि टेस्टर वैतागले होते. सगळ्यांचं रडगाणं एकच, लोकसंख्या वाढत नाही. सांगलीच्या एका पोराने लिहिलं होतं, "मॅडम, धान्य दिलं, पाणी दिलं, दवाखाना बांधला, बाग केली. तरी वीसच्या वर एक माणूस नाही. आता काय पाळणे टांगून ठेवू?" दुसऱ्या एकीने लिहिलं होतं की ती चाळीस वर्षं नुसतं बटण दाबत बसली होती आणि तिच्या ग्रहावर कुणी लग्नच करत नसावं असा तिला संशय आहे. मी प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे. ही त्रुटी नसून खेळाची रचना आहे. दुसरं जहाज पाठवून पाहा.

फैयाजला ते पटत नव्हतं. "वृषाली, साठातले एक्केचाळीस जण एकच गोष्ट बोलतायत. सगळेच ढ आहेत का?"

"लहान वसाहतीला आधार लागतो. वीस माणसांच्या जिवावर गाव उभं राहत नाही. हे त्यांना कळलंच पाहिजे."

"बरं बाई," तो म्हणायचा आणि हेडफोन कानाला लावायचा. भांडायचं नसेल तेव्हा तो हेडफोन लावायचा. त्यात गाणं लावलेलं नसायचं.

आईची गुडघ्याची वाटी बदलून तीन आठवडे झाले होते. ती सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे आली होती. एकतीस वर्षं आडगावांमधून नर्स म्हणून पायी फिरलेली बाई ती, तिला पलंगावर कोण बसवणार? दोन दिवसांत तिने माझे सगळे डबे ओळीने लावून घेतले, चौथ्या दिवशी शेजारच्या बाळाचं वजन का वाढत नाही यावर त्याच्या आईची उलटतपासणी घेतली. शेवटी मी तिच्या पुढ्यात खेळ ठेवला. साठ वर्षांवरचा एकही टेस्टर आमच्याकडे नव्हता, हे एक कारण. ती गप्प बसेल, हे खरं कारण.

ती बसली. पण गप्प नाही. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "या वीस जणांत जोडपी किती?"

"तसं काही ठेवलेलं नाही गं. वीस म्हणजे वीस."

"बायका किती?"

"आई, खेळ आहे तो."

"बरं. पोरं किती, म्हातारे किती, तेही नसेल."

"नाही."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी एखादं कोरं रजिस्टर घेऊन साहेबांपुढे उभी आहे. मग म्हणाली, "मला एक दोनशे पानी वही आणून दे. आणि पट्टी."

त्या वहीत तिने रकाने आखले. वर्ष, एकूण, जन्म, मृत्यू, आलेले, गेलेले. प्रत्येक ग्रहाला वेगळं पान. ग्रहांना नावं द्यायची सोय होती, तर हिने आपल्या नोकरीतल्या गावांची नावं दिली. बटण दाबायचं, आकडे उतरवायचे, मग पुढचं वर्ष. बाकीचे टेस्टर तासाला दोनशे वर्षं पळवायचे, हिची दिवसभरात दहा होत. फैयाजला ते फार आवडायचं. तो आला की आधी तिच्या खोलीत डोकावायचा. "काकू, कसं काय गावाचं?"

"केळेवाडीत या साली बारा जन्म. बोरपाड्यात सहा."

"आणि ते लांबचं?"

"तिवरदरा? आहेत बिचारे."

तिवरदरा नकाशाच्या पार टोकाला होता. तिथे जहाज पोचायला सहा वर्षं लागायची, जमीन खडकाळ, पिकायचं थोडं. शहाणा खेळाडू तिकडे शेवटी जातो. आईने पहिलं जहाज तिकडेच पाठवलं होतं. दवाखानाही पहिला तिकडेच बांधला होता.

त्या सकाळी चहा घेऊन मी तिच्याजवळ बसले. "आता दुसरं जहाज पाठवायला काय हरकत आहे? वीस माणसं आणखी जातील, आकडा हलायला लागेल."

"दुसरीकडची माणसं आणून भरायची आणि वाढली म्हणायचं? ती वाढ नाही, ती बदली."

"मग राहू दे तसंच. सगळेच ग्रह वाढले पाहिजेत असं नाही."

"का नाही? धान्य आहे. पाणी आहे. मी रोज बघते." तिने वही माझ्यापुढे धरली. तिवरदऱ्याचं पान. जन्माच्या रकान्यात वरून खालपर्यंत शून्य, एकेक नीट गोल काढलेलं. मृत्यूच्या रकान्यात दर दहा वर्षांनी एक. "वीस गेली होती. आता सतरा राहिली. हे बघ, वृषा. मरताना पुरा माणूस मरतो. जन्माला येताना काय होतं?"

मी ते पान वरून खालपर्यंत पुन्हा वाचलं. दरवर्षी लोकसंख्येच्या तीन टक्के वाढ, असा हिशेब मी ठरवला होता. वीस माणसांचे तीन टक्के म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त. पडद्यावर अर्धा माणूस वाईट दिसेल म्हणून पूर्णांकाच्या पुढचं सगळं टाकून द्यायचं, असं तीन वर्षांपूर्वी माझ्याच अक्षरात मी आखणीच्या वहीत लिहिलं होतं. म्हणजे चौतीस माणसं होत नाहीत तोवर त्या ग्रहावर दरवर्षी अर्धंमुर्धं मूल होणार आणि दरवर्षी आम्ही ते पुसून टाकणार. शंभर वर्षं झाली तरी. बाकीच्या ग्रहांवर सुरुवातीपासून माणसं जास्त होती, म्हणून ते वाढत होते. मरण मात्र वेगळं मोजलेलं होतं, ते कुठेच कापलं जात नव्हतं. मी स्वतः खेळताना नेहमी दोन जहाजं एकदम पाठवायचे, नुसती सवय, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. बघते मी."

खरं म्हणजे त्याच वेळी हॉलमध्ये जाऊन फैयाजला सांगायचं होतं की बाबा, तू बरोबर होतास. पण एक्केचाळीस लोकांना मी ठासून सांगितलं होतं की ही रचना आहे. आणि हिशेब बदलायचा म्हणजे सगळा खेळ पुन्हा तोलायचा, धान्य किती, घरं किती, जिंकायला वर्षं किती, सगळं. त्याला दोन महिने गेले असते. मला ते दोन महिने नुसते डोळ्यांपुढे आले तरी झोपावंसं वाटत होतं. मी इतकी थकले होते की चूक कबूल करायलाही अंगात जोर नव्हता. असं असतं का कुणाचं? माझं होतं.

म्हणून मी आळशी माणसाचा उपाय केला. दुपारी आई झोपली असताना तिचा लॅपटॉप हॉलमध्ये आणला आणि फैयाजला म्हटलं, "आईच्या फाइलमध्ये तिवरदऱ्याची माणसं वाढव."

"किती करू?"

"चोवीस कर. एकदम जास्त नको, तिला कळेल."

"वृषाली, काकूंना फसवायचं?"

"फसवायचं काय त्यात? म्हातारी रोज तेवढ्यासाठी झुरतेय. चार दिवस आनंदात जातील."

त्याने आकडा बदलला आणि हेडफोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडेनऊला तिच्या खोलीत गेले. लॅपटॉप मिटलेला होता. वर वही, वहीवर पट्टी, पट्टीवर पेन. आईने नाश्त्याला हात लावला नव्हता, उपमा गार होऊन ताटलीला चिकटला होता.

"आज खेळली नाहीस?"

"सात माणसं कुठनं आली?"

मी हसायचा प्रयत्न केला. "वाढली असतील."

"एका वर्षात सतराची चोवीस? जन्माच्या रकान्यात शून्य दाखवतोय. आलेल्यांत शून्य. मग ही सात कुठनं आली?"

मला वाटलं होतं ती नुसता एकूण आकडा बघेल. एकतीस वर्षं रजिस्टर लिहिलेल्या बाईबद्दल मला तसं वाटलं होतं, यावर माझाच विश्वास बसत नाही.

"मी वाढवली," मी म्हटलं. "तुला बरं वाटावं म्हणून."

"काढ ती."

"अगं आई, एवढं काय त्यात? एक आकडा तर आहे."

"काढ म्हणते ना!"

तिचा आवाज चढला होता. हॉलमध्ये फैयाजची खुर्ची सरकल्याचं मला ऐकू आलं. आई माझ्यावर ओरडायची नाही. लहानपणी मी औषधांच्या कपाटाची काच फोडली तेव्हाही ओरडली नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसले.

"आई, काय आहे हे तिवरदरा?"

ती खिडकीकडे वळली. बाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं.

"गाव नव्हे, वस्ती. सतरा उंबऱ्यांची. आपण दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो ना, तिथून डोंगर चढून दोन तास."

"मी गेले होते का कधी?"

"नाही. तू तीन वर्षांची होतीस. शहाऐंशी साल." तिने पायाखालची उशी नीट केली. "तेव्हा आम्हाला टार्गेट असायचं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या चाळीस केसेस, मार्चअखेर. नाही झाल्या तर पगार थांबायचा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे. माझ्या एकोणचाळीस झाल्या होत्या. एक कमी. तीन दिवस राहिले होते."

मी उपम्याची ताटली बाजूला सरकवली.

"तिवरदऱ्यात हौसा म्हणून होती. दोन पोरं तिला. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा तान्हा. मी तिला सांगितलं, दोन बास झाली, तुझीही तब्येत राहील, त्यांनाही नीट खायला मिळेल. खोटं नव्हतं ते. मी सगळ्यांना तेच सांगायचे आणि मला ते पटलेलं होतं. ती म्हणाली, बाई तुमी सांगताय तर येते. दोन तास डोंगर उतरून माझ्यामागं चालत आली, पोराला पाठीशी बांधून."

"मग?"

"कॅम्पात नियम होता. धाकटं मूल वर्षाच्या आतलं असलं की बाईला घ्यायचं नाही. पुढच्या साली ये म्हणून परत पाठवायचे. पोर नऊ महिन्यांचं होतं." आईने पट्टी वहीच्या कडेला लावली. "मी चौदा लिहिलं."

हॉलमध्ये काहीच आवाज नव्हता. फैयाज ऐकत होता हे मला कळत होतं आणि तिलाही कळत असावं. तिने आवाज कमी केला नाही.

"पाच महिने वाढवले, बस. चाळीस झाल्या. सायबांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. श्रावणात तिकडं गोवर आला. लस तेव्हा नवीनच होती, आमच्याकडे ती पोचायला दिवाळी झाली. हौसाची दोन्ही पोरं आठवड्यात गेली. आधी तो, मग मुलगी."

"आई..."

"थांब, बोलू दे. खरं वय लिहिलं असतं तर तिला परत पाठवली असती. पुढच्या मार्चमध्ये मी गेले असते, तोवर श्रावण होऊन गेला असता. तिचं ऑपरेशन झालंच नसतं. तिला आणखी पोरं झाली असती, वृषा. एवढंच ते. माझ्या पाच महिन्यांनी तिचं सगळं गेलं."

"तिला माहीत होतं?"

"तिला वाचता कुठे येत होतं? अंगठा मीच धरून उठवला. पुढे ती दर गुरुवारी बाजारच्या दिवशी खाली यायची. आपल्या पायरीवर बसायची आणि विचारायची, बाई, ह्या साली सुटंल का? तिला वाटायचं गाठ बांधलीय म्हणजे सुटत असेल. मी तिला दोनदा जिल्ह्याला नेली. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पोट उघडलं, पण उपयोग झाला नाही. तरी ती यायची. एक शिवी दिली असती मला, तरी बरं वाटलं असतं. मी म्हणायचे, बघू. चार वर्षं बघू म्हटलं, माझी बदली होईपर्यंत."

मग ती माझ्याकडे वळली. "तुझी वेणी घालायची ती."

मला एकदम ती पायरी आठवली. शेणाने सारवलेली, दुपारी ऊन येणारी. पळसाच्या पानात करवंदं बांधून आणणारी एक मावशी. तिचे हात खरखरीत होते, पण वेणी फार हलक्या हाताने घालायची, कधी दुखायचं नाही. एक वेणी झाली की ती सोडायची आणि पुन्हा घालायची. मी कंटाळून उठायला लागले की म्हणायची, "बस की गं बाईचे पोरी, वाईच बस." मला इतकी वर्षं वाटत होतं की ती आईची मैत्रीण होती.

मी तिथेच बसून रडले. आई नाही रडली. तिने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, एखादं इंजेक्शन दिल्यावर थोपटावं तसं, आणि म्हणाली, "उपमा गरम करून आण. आणि ती सात काढ."

मी हॉलमध्ये गेले. फैयाजने माझ्याकडे बघितलं नाही. त्याचे डोळे लाल झाले होते.

"ती सात काढ," मी म्हटलं. "आणि ऐक. चूक माझी आहे. टेस्टर बरोबर आहेत. आपण दरवर्षी पूर्णांकाच्या पुढचं फेकून देतो. ते फेकायचं नाही."

"मग काय करायचं? अर्धा माणूस दाखवायचा?"

"दाखवायचा नाही, पण धरायचा. या वर्षी अर्धं झालं, ते पुढच्या वर्षात मिळवायचं. एक पुरं झालं की जन्म."

त्याने थोडा विचार केला. "दोन ओळींचं काम आहे. पण मग सगळं पुन्हा तोलावं लागेल. तारीख जाईल, वृषाली."

"जाऊ दे."

"बंगळुरूवाले थांबणार नाहीत."

"नाही थांबणार. माहितेय मला."

नाहीच थांबले ते. खेळ पुढे दीड वर्षाने आमचा आम्हीच बाजारात आणला, आणि त्या दीड वर्षात आम्ही काय काय कामं केली ते सांगत बसत नाही. पण त्या दिवशी दुपारी चार वाजता फैयाजने आईचा लॅपटॉप स्वतः तिच्या खोलीत नेऊन पोळपाटावर ठेवला.

"काकू, सतरा आहेत. मोजून घ्या."

आईने चष्मा लावला. सतरा होती. तिने वहीतली चोवीसची ओळ पट्टीने सरळ रेघ मारून खोडली, बाजूला बारीक सही केली, तारीख घातली. मग "वर्ष पुढे" दाबलं.

सतरा. जन्म शून्य.

तिने शून्य लिहिलं. मलाच राहवेना. "आई, आणखी एक वर्ष. अर्धं शिल्लक आहे."

"शिल्लक आहे म्हणजे?"

"म्हणजे वाया गेलेलं नाही. धरलेलं आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग फैयाजकडे, आणि पुन्हा बटण दाबलं.

अठरा. जन्म एक.

फैयाज "काकू!" असं ओरडला आणि माझा हात इतका जोरात दाबला की दुखला. आईने पेन उचललं, जन्माच्या रकान्यात त्या लांबलचक शून्यांच्या खाली एक आकडा लिहिला. आकडा लिहून झाल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, आणि त्या एकापुढे लहान अक्षरात लिहिलं, मुलगी.

"असं काही ठेवलेलं नाही," असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

मग ती पडद्यावर काहीतरी शोधायला लागली. दवाखान्यावर गेली, तिथून बाहेर आली, धान्याची यादी उघडली, मिटली. सगळी बटणं पुन्हा पुन्हा बघत होती.

"काय हवंय काकू?" फैयाजने विचारलं.

"हिला गोवरची लस कुठे टोचायची, ते सापडत नाहीये."

खेळात गोवर नव्हता. कुठलाच आजार नव्हता, आम्ही तेवढा विचारच केला नव्हता. शेवटी फैयाज म्हणाला, "उद्या देतो काकू. उद्यापर्यंत चालेल ना?"

"नऊ महिन्यांच्या आत दे म्हणजे झालं," आई म्हणाली.

त्याने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक बटण करून दिलं. "लसीकरण". दाबलं की एक हिरवी खूण उमटते, बाकी काही होत नाही. आई पुढे पाच वर्षं होती, आणि तिने एकही वर्ष ते दाबल्याशिवाय पुढे ढकललं नाही. तिच्या वहीतल्या शेवटच्या नोंदीप्रमाणे तिवरदऱ्यात एक्काहत्तर माणसं आहेत.

लोकसंख्या वाढत नाही अशी तक्रार आता कुणी करत नाही. आता तक्रार येते ती त्या बटणाची. महिन्यातून एखादी तरी. परवाच एकाने लिहिलं, "दवाखान्यातलं लसीकरणाचं बटण चालत नाही. दाबलं तरी काही होत नाही, न दाबलं तरी काही होत नाही. ही चूक दुरुस्त करा किंवा बटण काढून टाका." फैयाज अशी पत्रं न बोलता माझ्याकडे पाठवतो, आणि मी प्रत्येकाला माझं जुनंच उत्तर लिहिते. ही त्रुटी नसून खेळाची रचना आहे.